बिरिबोने मागितलेला एक दिवस

“मागणाऱ्याला लाज नसते, लाज असते ती नाही म्हणणाऱ्याला.”

हे बिरिबोचे बोल. तरुणपणी तो ते छाती पुढे काढून म्हणायचा, कारण आमच्या बेटांचा सगळा मोठेपणा त्याला त्या एका वाक्यात दिसायचा. म्हातारपणीही तो तेच म्हणायचा, पण तेव्हा शब्द तोंडातून सांडल्यासारखे यायचे, आणि सांडून झाले की त्याची नजर वाटेकडे जायची. वाटेने तेतोआ येतो आहे का, हे तो बघत असायचा. नोकरी संपवून बेरू बेटावर परतल्यापासून सात वर्षे तो हेच बघत होता. त्याआधीची पंधरा धरली तर बावीस. आपल्या चुलतभावाने मरायच्या आधी एकदा दारात यावे आणि आपल्याकडे काहीतरी मागावे, एवढी एकच इच्छा त्याला उरली होती.

नात्यातल्या माणसाने समोर बसून मागितले की द्यायचे, याला आम्ही बुबुसी म्हणतो. होडी मागितली तर होडी, सदरा मागितला तर सदरा. देताना कपाळाला आठी घालायची नाही. मात्र ज्याने दिले त्याचा मागायचा हक्क तयार होतो. आज ना उद्या तोही येतो, समोर बसतो आणि मागतो. भरतीचे पाणी आत येते आणि ओहोटीला बाहेर जाते, तसे आमच्याकडे वस्तूंचे जाणे-येणे. एकाच बाजूला पाणी साचले तर ते नासते, असे म्हातारे सांगतात.

बिरिबो आणि तेतोआ सख्ख्या भावांची मुले. बेरूच्या मानेआबात, म्हणजे गावाच्या त्या मोठ्या झापांच्या सभाघरात, दोघांच्या घराण्याची बसायची जागा एकच, पूर्वेच्या बाजूच्या तिसऱ्या खांबापाशी. बिरिबो तीन वर्षांनी मोठा. मिशनच्या शाळेत त्याचे अक्षर इतके सुबक झाले की पाद्रीबुवांनी त्याला तारावा या मुख्य बेटावर सरकारी कचेरीत पाठवून दिले. तिथे तो निरोप्या म्हणून लागला आणि चढत चढत मुख्य कारकून झाला. कागदावर शिक्का मारण्याआधी तो शिक्क्यावर हलकी फुंकर मारायचा. लोक म्हणायचे, बिरिबो कागदात जीव फुंकतो.

त्याच्या मागोमाग तेतोआही तिथे आला. अक्षराशी त्याचे कधी जमले नाही, पण पाण्याशी जमले. बोट खाडीत नांगरली की तिच्यावरचा माल पडावांतून धक्क्याला आणायचा असतो, त्या सरकारी पडावांवर तो तांडेल झाला. रुंद खांदे, तोंडात सदा केवड्याच्या पानाची विडी, आणि आवाज असा की वाऱ्याविरुद्धही पोचावा.

तारावाला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तो बिरिबोच्या झोपडीत येऊन मांडी घालून बसला.

“दादा, मागायला आलोय.”

“माग.”

“तो पांढरा सदरा दे. उद्या साहेबासमोर उभं राहायचंय.”

बिरिबोकडे पांढरा सदरा एकच होता. त्याने तो अंगातून काढून दिला आणि दुसऱ्या दिवशी गंजिफ्रॉकवर कचेरीत गेला. साहेबाने त्याला दारातच थांबवले. “तुझा सदरा कुठं आहे?” तर हा म्हणाला, “साहेब, तो पडावावर कामाला लागला.” ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षे हसत सांगितली जायची.

वर्षभराने बिरिबो तेतोआसमोर जाऊन बसला आणि त्याची होडी मागितली. कडेला तोलाचा ओंडका जोडलेली, म्हणजे उलांडीची, शिडाची, तेतोआने आठ महिने खपून स्वतःच्या हाताने बांधलेली होडी. तेतोआने शिडाची दोरी त्याच्या हातात ठेवली आणि एवढेच म्हणाला, “डावीकडं ओढते जरा. सांभाळून ने.” असे त्यांचे भरती-ओहोटीचे चालले होते. कोण कोणाच्या उपकारात आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हते, आणि त्यातच सुख होते.

मग पौंड जाऊन डॉलर आले. त्याच्या पुढच्या वर्षी कचेरीतून एक परिपत्रक निघाले.

तोवर रीत अशी होती की सरकारी नोकर कुठल्याही बेटाचा असो, दर दोन वर्षांनी सरकारी बोट त्याला बायकामुलांसकट, चटया-कोंबड्यांसकट त्याच्या बेटावर नेऊन सोडायची आणि तीन महिन्यांनी परत आणायची. तारावाला राहणारा माणूस त्या तीन महिन्यांवर दोन वर्षे काढायचा. तिकडे अळूसारख्या बाबायचे कंद खड्ड्यात वाढत असायचे, आईबाप म्हातारे होत असायचे, मानेआबातली आपली चटई दुसरे कोणी सारून बसत तर नाही ना, याचा घोर असायचा. परिपत्रकात लिहिले होते की यापुढे ही सोय पाचव्या श्रेणीपासून वरच्यांनाच मिळेल. खालचे सगळे उडाले. तांडेल, खलाशी, दवाखान्यातले मलमपट्टीवाले, बिनतारी यंत्रावरचे, झाडूवाले, निरोपे. गोऱ्या साहेबांच्या विलायतेच्या रजेला मात्र कोणी हात लावला नाही.

परिपत्रक आमच्या भाषेत बिरिबोनेच आणले. शिक्क्यावर फुंकर घालून त्यानेच ते फळ्यावर लावले. तो स्वतः पाचव्या श्रेणीत होता. दीडच वर्षापूर्वी चढला होता.

तेतोआ फळ्यासमोर आला. शेजाऱ्याकडून कागद वाचून घेतला आणि बिरिबोकडे वळून म्हणाला, “दादा, रेघ बरोबर तुझ्या टाचेखालून मारलीय बघ. पाय भिजला नाही तुझा.”

“मी मारली का रेघ?”

“नाही रे. पट्टी कुणी धरली होती, एवढंच विचारतोय.”

बाकीचे हसले. बिरिबोही हसला. पण त्या दिवशी जेवताना त्याला मासा गोड लागला नाही.

चार दिवसांनी पडाव थांबले. मग लाँच थांबल्या, मग बिनतारी यंत्र गप्प झाले. दवाखाना तेवढा त्यांनी चालू ठेवला. तेतोआ म्हणाला, “आजाऱ्याशी आपलं भांडण नाही.” तारावाच्याच माळेतल्या बेसो बेटावर बेरूच्या लोकांनी स्वतःपुरता एक लहान मानेआबा बांधला होता, तिथे सगळे रोज सकाळी येऊन बसू लागले. कोणी आरडाओरडा केला नाही. चटया विणल्या, जाळी दुरुस्त केली, पत्ते खेळले, संध्याकाळी उठून घरी गेले. शे-दीडशे माणसे हात मांडीवर ठेवून बसली होती आणि समोर खाडीत मालाने भरलेली बोट नांगरावर डुलत होती.

हा वाद हाताळायचे काम प्रेंटिस साहेबाच्या गळ्यात पडले. हा नोकरांच्या खात्याचा अधिकारी, तिशीतला, उन्हाने नाकाची साले निघालेला. माणूस वाईट नव्हता, हे बिरिबो शेवटपर्यंत सांगायचा. दोन वर्षे रोज तासभर बिरिबोसमोर बसून तो आमची भाषा शिकला होता, आणि चहात साखरेऐवजी माडीचा पाक घालून प्यायचा. साहेबाची पत्रे घेऊन जायची आणि तेतोआचे उत्तर घेऊन यायचे, हे काम बिरिबोकडे आले. लाँच तर बंद. मग तो रोज आपल्या होडीने, कचेरी होती त्या बायरिकीहून, बेसोला जायचा. तेतोआने दिलेल्या त्याच होडीने. ती अजून डावीकडे ओढायची.

पहिल्या दिवशी तेतोआ म्हणाला, “साहेबाला सांग, बोट द्या, पडाव घ्या.”

तिसऱ्या दिवशी म्हणाला, “कालचंच सांग.”

पाचव्या दिवशी म्हणाला, “दादा, रोज एवढा लांब येतोस, थकलास. इथंच बस आमच्यात. तुझी जागा मोकळीच ठेवलीय.” खरेच, तेतोआच्या शेजारी एक चटई रिकामी पसरलेली होती. बिरिबोने ती पाहिली. “कामावर आहे मी,” तो म्हणाला.

“ते दिसतंय,” तेतोआ म्हणाला.

सातव्या दिवशी दुपारी प्रेंटिस साहेब व्हरांड्यात डोके धरून बसला होता. चार दिवसांनी दूरचे कोणी बडे साहेब वसाहत पाहायला येणार होते. धक्क्यावर माल उतरलेला नसणार, लाँच हलणार नाही, आणि बडे साहेब हे सगळे पाहणार. संपवाल्यांनाही हे ठाऊक होते. त्यांचा सगळा जोर त्या एका दिवसावर होता.

“बिरिबो, हा तेतोआ कोणाचं ऐकतच नाही का?” साहेबाने विचारले.

बिरिबोला ते लागले. आपल्या भावाला कोणी हेकेखोर समजावे हे त्याला सहन झाले नाही. आमच्या लोकांची थोरवी साहेबाला पटवून द्यावी म्हणून तो मान ताठ करून बोलला, “साहेब, हुकूम केला तर नाहीच ऐकणार. पण आमच्याकडं भावानं समोर बसून मागितलं, तर तो जीवसुद्धा काढून देईल. मागणाऱ्याला लाज नसते, लाज नाही म्हणणाऱ्याला असते. तुमच्या देशात असं आहे का?”

साहेबाने कपात चमचा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग हळूच म्हणाला, “तेतोआ तुमचा भाऊ लागतो ना?”

बिरिबो पुढे सांगायचा की त्याच क्षणी उठून जायला हवे होते. पण साहेब सावकाश बोलत होता आणि प्रत्येक शब्द शहाणपणाचा वाटत होता. फक्त एक दिवस. बडे साहेब येतील त्या दिवशी पडाव चालू द्या, लाँच चालू द्या. पाहुणा खूश झाला की मी स्वतः तुमच्या लोकांचा अर्ज त्यांच्या हातात देतो. रागावलेल्या माणसापुढे अर्ज कशाला ठेवायचा? दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा हवं तर. “एवढं हाताळून द्या, बिरिबो. तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही.”

हे शेवटचे वाक्य त्याला गोड लागले. ते गोड लागले हेही तो लपवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बेसोच्या मानेआबात झापांखाली वाकून आत शिरला आणि थेट त्या रिकाम्या चटईवर जाऊन बसला. लोकांना वाटले, आला. आपल्यात आला. कोणी तरी शहाळे फोडून त्याच्यापुढे ठेवले. तेतोआच्या तोंडावर असे हसू पसरले की बिरिबोला त्याच्याकडे बघवेना. तो शहाळ्याकडे बघत बोलला.

“तेतोआ, मागायला आलोय.”

विणणाऱ्यांचे हात थांबले.

“माग, दादा.”

“एक दिवस दे. गुरुवारचा. पडाव चालू कर आणि लाँच चालू कर. शुक्रवारी पुन्हा बसा.”

 बाहेर माडावर कोणी माडी काढणारा गात होता, तेवढे ऐकू येत होते. पलीकडच्या खांबाशी नाकिबाए नावाचे म्हातारे बसले होते. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हते, पण बुबुसीचे नियम त्यांच्याइतके कोणाला माहीत नव्हते. त्यांनी विचारले, “बिरिबो, हे कोणासाठी मागतोस?”

कारण बुबुसी स्वतःच्या गरजेसाठीच करता येते. दुसऱ्याची गरज आपल्या तोंडाने मागितली तर ती बुबुसी नव्हे, तो नुसता निरोप. आणि निरोपाला नाही म्हणता येते. “साहेबासाठी” असे बिरिबो म्हणाला असता, तर तेतोआ हसून नाही म्हणाला असता आणि कोणाचीच मान खाली गेली नसती.

बिरिबो म्हणाला, “माझ्यासाठी.”

तेतोआने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. “तुझ्यासाठी, दादा?”

“माझ्यासाठी.”

“मग घे,” तेतोआ म्हणाला. विझलेली विडी त्याने खाली ठेवली. “गुरुवार तुझा.”

गुरुवारी पडाव चालले. सरकारी माल धक्क्याला लागला, लाँच शिट्ट्या घालत फिरल्या, नाचणाऱ्या बायकांनी बड्या साहेबांच्या गळ्यात फुलांचे हार घातले. प्रेंटिस साहेबाने आपला शब्द पाळला. अर्ज खरोखरच हातात दिला. बड्या साहेबांनी तो वाचला, धक्क्याकडे पाहिले आणि म्हणाले, पण माणसं तर कामावर आहेत. मग ते दुपारच्या जेवणाला गेले.

शुक्रवारी मानेआबात अर्धीच माणसे आली. एकदा कामावर गेलेला हात पुन्हा मांडीवर ठेवायला जड जातो. बाकीच्यांना वाटले, तेतोआनेच सोडले, मग आपण कशाला ताणायचे. तेतोआने कोणाला काही समजावले नाही. भावाने मागितले म्हणून दिले, हे काय ओरडून सांगायचे असते? सोमवारी कचेरीतून नोटीस आली की दुपारपर्यंत कामावर न येणाऱ्याची नोकरी जाईल. दुपारनंतर मानेआबात बारा माणसे बसलेली होती. तेतोआ त्यांत होता.

बाराजणांची यादी बिरिबोनेच टंकली. तिच्याखाली एक ओळ अशी होती की काढून टाकलेल्या नोकरांना सरकार त्यांच्या मूळ बेटावर फुकट पोचवील. ज्या बोटीसाठी माणसे बसली होती ती बोट त्यांना अशी मिळाली.

प्रेंटिस साहेबाने यादी वाचली आणि पुन्हा वाचली. “मला असं व्हायला नको होतं,” तो म्हणाला, आणि सही केली. वर्षाच्या आत त्याची बदली झाली. जाण्याआधी त्याने बिरिबोला एक पत्र दिले. या कारकुनाने वाद फार कौशल्याने हाताळला, असे त्यात लिहिले होते. बिरिबोने ते पेटीच्या तळाशी टाकले. पुढे त्याला वाळवी लागली, आणि त्याने ती लागू दिली.

धक्क्यावर प्रवासाच्या चिठ्ठ्या वाटायचे कामही त्याच्याकडेच होते. तेतोआ बायकोसह आला. नेई किनाईच्या, म्हणजे किनाईबाईंच्या, डोक्यावर गुंडाळलेल्या चटया, हातात बांधलेली कोंबडी. तेतोआने चिठ्ठी घेतली, उलटी धरून पाहिली आणि हसला.

“घरी जायची बोट मिळाली बघ, दादा. तुझ्यामुळं.”

“तेतोआ, माग माझ्याकडं. काहीही माग. होडी परत माग, घर माग. नोकरी सोड म्हण, आत्ता सोडतो.”

तेतोआने त्याच्याकडे निरखून पाहिले. रागाने नव्हे. पाण्याचा तळ किती खोल आहे हे तांडेल जसा बघतो तसे.

“आत्ता नाही,” तो म्हणाला आणि पडावात उतरला.

त्या दोन शब्दांना धरून बिरिबो पंधरा वर्षे कचेरीत बसला. आत्ता नाही म्हणजे पुढे कधीतरी. गोरे साहेब गेले, आपले राज्य आले, नवा झेंडा चढला. बिरिबोला मोठी खुर्ची मिळाली. बसल्याबरोबर त्याने बोटीची ती जुनी सोय सगळ्यांना परत मिळवून दिली. तो कागद त्याने फुंकर न घालताच काढला. मग नोकरी संपली आणि बायकोला, नेई मारेवेला, घेऊन तो बेरूला आला.

आला तो भरल्या हातांनी आला, मुद्दामच. सायकल आणली, रेडिओ आणला, कंदील, नायलॉनची जाळी, दोन कुऱ्हाडी. सायकल त्याने घरामागे नाही ठेवली. तेतोआच्या पायवाटेवर, केवड्याच्या झाडाला टेकवून ठेवली. पहिल्या आठवड्यात मारेवेचा भाऊ येऊन बसला आणि सायकल घेऊन गेला. दुसऱ्या आठवड्यात रेडिओ गेला. जाळी गेली. कुऱ्हाडीही गेल्या.

मारेवे म्हणाली, “अहो, गळ टाकून बसलाय खरं. आमिष सगळं बारकी मासळीच खातीय.”

“खाऊ दे.”

“तो मासा गळाला लागायचा नाही. त्यानं तुम्हाला ओळखलंय.”

तेतोआ काही बोलणे सोडून बसलेला नव्हता. तसे असते तर बरे झाले असते. भांडण तरी झाले असते. वाटेत भेटला की “कुठं निघालास, दादा?” असे तो विचारायचा. मोठा मासा मिळाला की डोक्याकडचा तुकडा बिरिबोच्या घरी पोचायचा. मानेआबात दोघे तिसऱ्या खांबापाशी शेजारी बसायचे, गुडघ्याला गुडघा लागायचा. फक्त तो मागायचा नाही. एकदा वादळात त्याच्या घराचे छप्पर उडाले. बिरिबोकडे झापांचे चार गठ्ठे तयार होते. त्याने ते अंगणात असे रचून ठेवले की आंधळ्यालाही दिसावेत. तेतोआ त्यांच्यावरून नजर टाकून पुढे गेला आणि उत्तर टोकाच्या गावातून, दोन तास चालून, दुसऱ्या कोणाकडून झाप मागून आणले. त्या दिवशी बिरिबो अंगणात त्या गठ्ठ्यांवर बसून राहिला. मारेवेने हाक मारली तरी जेवायला उठला नाही.

नाकिबाए म्हातारे तोवर गेले होते, पण त्यांचे एक बोलणे गावात उरले होते. बुबुसी आपल्या पोटासाठी असते, साहेबाच्या टोपीसाठी नाही. बिरिबोच्या पाठीमागे लोक ते म्हणायचे. कधी तोंडावरही म्हणायचे, हसत. तो ऐकून घ्यायचा.

त्या गुरुवारला बाविसावे वर्ष लागले तेव्हा बिरिबोला खोकला लागला आणि पावले सुजू लागली. दवाखान्यातल्या माणसाने काही सांगितले नाही, पण औषध देताना जास्तच प्रेमाने बोलला. बिरिबोला समजले. एका सकाळी त्याने धुतलेला पांढरा सदरा घातला, खिशात विडीचे पान आणि काड्यापेटी टाकली आणि काठी टेकत तेतोआच्या घरी गेला.

तेतोआ माडीचा सुरा घासत होता. साठी उलटली तरी तो अजून दिवसातून दोनदा माडावर चढायचा. नेई किनाई ओट्यावर चटई विणत होती. बिरिबो त्याच्यासमोर खाली बसला. बसायला वेळ लागला. तेतोआने सुरा बाजूला ठेवला.

“तेतोआ, मागायला आलोय.”

किनाईचे हात थांबले. बावीस वर्षांत बिरिबोने या घराकडे काही मागितले नव्हते.

“माग, दादा.”

“तू माझ्याकडं काहीतरी माग. एवढंच मागणं आहे माझं.” मग, कोणी विचारले नसताना, तो म्हणाला, “माझ्यासाठीच मागतोय. या वेळी खरंच माझ्यासाठी.”

 कोंबड्या अंगणात टोचत होत्या. नाही म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडे ती कोणालाच नाही. तेतोआने कानामागची विडी काढून ओठांत धरली.

“काडी आहे का तुझ्याकडं?”

बिरिबोला आधी समजले नाही. मग त्याने खिशातून काड्यापेटी काढली आणि सगळी पुढे केली. “सगळी घे. घर घे, तेतोआ. चांगले माड आहेत माझे दक्षिणेला, ते घे.”

“एक काडी मागितली मी.” तेतोआने पेटी उघडली, एक काडी काढली, पेटी मिटली आणि बिरिबोच्या तळहातावर परत ठेवली. क्षणभर त्याचा हात त्या हातावर राहिला. “झालं, दादा. फिटलं.”

बिरिबो पेटीकडे बघत बसला. एका दिवसापायी बारा माणसांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, एका भावाचा तांडेलकीचा जन्म गेला होता, आणि त्याची परतफेड एका काडीत झाली होती. यापुढे तेतोआ त्याचे काही देणे लागत नव्हता, आणि तोही तेतोआचे. कोणी कोणाकडे येऊन बसायचे कारण उरले नव्हते. याहून तेतोआने कधीच काही मागितले नसते तर बरे होते, असे त्याला वाटले असावे.  काठी टेकून उठला. किनाई पुढे झाली, पण त्याने हातानेच नको म्हटले.

तेतोआही उठला. करवंटी कमरेला अडकवली, सुरा घेतला आणि अंगणाच्या कडेच्या माडावर चढू लागला. माडी काढणाऱ्याने वर चढताना गायचे असते, तसा तो गाऊ लागला. बिरिबो पायवाटेला लागला. सुजलेली पावले, पांढरा सदरा, मुठीत मिटलेली काड्यापेटी. रिकाम्या केवड्याच्या झाडापाशी, जिथे त्याने सायकल टेकवून ठेवली होती, तिथे जरा थांबला आणि पुन्हा चालू लागला.

किनाईने त्याला वळणापर्यंत पाहिले. मग गाणे मधेच तुटलेले तिच्या लक्षात आले आणि तिने वर पाहिले. तेतोआ शेंड्यात बसला होता. सुरा फुलोऱ्याच्या पोयीला लागलेला नव्हता. विडी ओठांत तशीच होती आणि काडी कानामागे खोचलेली, न पेटवलेली. तो वाटेकडे बघत होता, आणि वाट रिकामी झाल्यावरही बघत राहिला.